क्रॉसिंगला थांबलेलं सैन्य

एक लांबट कागद घ्या. आडवी वेळ लिहा, उभी स्टेशनं लिहा. आता गाडी सुटली की पेन्सिलीने तिची रेघ ओढत चला. गाडी पळत असली तर रेघ तिरकी चढते, थांबली की आडवी होते. समोरून दुसरी गाडी येत असेल तर तिची रेघ वरून खाली उतरते. मार्ग एकेरी असला तर या दोन रेघा कुठेतरी एकमेकींना गाठणारच. कुठे गाठायच्या, एवढंच माणसाच्या हातात. स्टेशनात गाठल्या तर एक गाडी बाजूच्या लूप लाइनवर उभी राहते, दुसरी सरळ निघून जाते, आणि प्रवासी ‘क्रॉसिंग आहे’ असं म्हणून जांभई देतात. दोन स्टेशनांच्या मध्ये गाठल्या तर काय होतं, ते मी एकतीस वर्षांच्या नोकरीत एकदाही होऊ दिलं नाही. कंट्रोल ऑफिसात बसून मी फक्त रेघा ओढल्या. मी रेघ ओढलेल्या कितीतरी गाड्या मी कधी डोळ्यांनी पाहिल्याही नाहीत.

निवृत्त होताना ऑफिसातून कोऱ्या तक्त्यांचा एक गठ्ठा मागून आणला. साहेब म्हणाले, “घरी याचं काय करणार?” म्हटलं, “नातीला शिकवीन.” ते हसले. मी मात्र खरंच शिकवलं.

नातीला आम्ही मुंगी म्हणतो. रांगायला लागल्यापासून हाताला येईल ते एका ओळीत लावायचं आणि ओळीमागून चालत जायचं, हा तिचा स्वभाव. तिच्याबरोबर समोरच्या दारातली तिची मैत्रीण यायची. तिचे गाल कायम कशाने तरी भरलेले, म्हणून ती खारूताई. दोघी सहा-सात वर्षांच्या होत्या तेव्हा मी गॅलरीच्या फरशीवर खडूने एक लांब रेघ ओढली, मध्ये एक लूप काढला, आणि एकीला या टोकाला, दुसरीला त्या टोकाला उभं केलं. नियम एकच. जी लूपजवळ आधी पोचेल तिने आत शिरायचं, हात वर करायचा आणि दुसरी जाईपर्यंत हलायचं नाही.

“आधी पोचणारीने का थांबायचं? ती तर जिंकली ना!” खारूताईने विचारलं होतं.

“जी आधी पोचते तिच्याजवळ वेळ असतो, म्हणून.”

हे काही तिला पटलं नाही. मग मी थांबणारीला एक शेंगदाणा द्यायला लागलो. तेव्हापासून लूपमध्ये शिरायला दोघींची चढाओढ लागली.

पुढे खडूची रेघ पुसली गेली, आणि दोघी एका ऑनलाइन लढाईच्या खेळात शिरल्या. धडाधड गोळ्या झाडायचा हा खेळ नव्हे. भला मोठा नकाशा, त्यावर हजारो माणसांची गावं. सैन्य निघालं की खरोखरीचे तास घेऊन चालतं. तुम्ही जेवून या, एक झोप काढून या, ते आपलं ठिपक्याठिपक्याने चालतच असतं. आणि लढाईपेक्षा पत्रंच जास्त. तह करायचे, कुमक मागायची, एकीकडे हूल देऊन दुसरीकडे जायचं, समोरच्यांतला एखादा नाराज हेरून हळूच आपल्याकडे ओढायचा. पहिल्या दिवशी दोघींनी एका निळ्या तळ्याच्या दोन टोकांना दोन गावं वसवली. मुंगीच्या गावाचं नाव खारूताईने ठेवलं, वारूळ. खारूताईच्या गावाचं मुंगीने ठेवलं, ढोली. मधून एकच रस्ता, आणि त्या रस्त्यावर तळ्याकाठी सैन्याला विसाव्याला एक तळ, त्यापुढे ढोलीच्या बाजूला एक खिंड.

त्या खेळात गाव जिंकलं की त्याचं नाव पुसलं जातं. जिंकणारा नवं ठेवतो.

चार महिन्यांपूर्वी खारूताईच्या आईची बदली झाली आणि समोरच्या दाराला कुलूप लागलं. नव्या शहरात खारूताईचा मामेभाऊ पलीकडच्या संघातून खेळत होता. त्याने तिला ओढून घेतलं. मुंगीला हे कळलं ते नकाशावर ढोलीचा झेंडा हिरव्याचा तांबडा झाला तेव्हा. रागाच्या भरात तिने खेळाच्या मोठ्या सभेत, जिथे दोन्ही संघांतली सगळी माणसं वाचतात तिथे, एक शब्द लिहिला, “पळपुटी.” त्या दिवसापासून दोघींत एक अक्षर नाही.

मुंगीच्या संघाचे प्रमुख एक दंतवैद्य आहेत. आम्ही त्यांना कधी पाहिलेलं नाही. पेशंटच्या हिरडीला भूल चढेपर्यंतच्या वेळात ते हुकूम सोडतात. मुंगी त्यांना दातवाले काका म्हणते. पत्रं नीट लिहिते म्हणून तेरा वर्षांच्या या पोरीला त्यांनी संघाची दूत केलं होतं. शुक्रवारी संध्याकाळी ती माझ्या टेबलाशी आली, गठ्ठ्यातला एक कोरा तक्ता ओढला आणि पेन्सिलीला टोक करत बसली.

“आजोबा, पाच गाड्या एकाच प्लॅटफॉर्मवर उद्या बरोबर बाराला आणायच्या आहेत.”

“एका प्लॅटफॉर्मवर पाच? मला नोकरीवरून काढतील गं.”

“तुम्ही निवृत्त आहात. अजून कुठून काढणार?”

“बरं, स्टेशन कोणतं?”

तिने टोक पुन्हा केलं. चांगलं झालेलं टोक मोडून पुन्हा केलं.

“ढोली,” ती म्हणाली.

मी चष्मा काढून ठेवला. ती घाईघाईने बोलायला लागली. पलीकडच्यांशी असलेला तह मोडायचं ठरलं आहे. रीतीप्रमाणे एक दिवस आधी नोटीस दिली आहे, आणि ती तिनेच लिहिली आहे, तीन ओळींची. वेस फोडण्याएवढं सैन्य तिच्याकडेच आहे. तिने बाराला वेस फोडायची आणि अर्ध्या मिनिटात बाकीचे चौघे आत शिरणार. दातवाले काका म्हणतात, दाढ उपटायची तर हळहळत बसायचं नाही.

“आणि तुला काय वाटतं?”

“मी नाही म्हटलं तर सगळे म्हणतील, मैत्रीण म्हणून सोडली. आणि ती काही मैत्रीण नाहीये आता. बोलत नाही माझ्याशी.”

“तू बोललीस?”

“मी कशाला? पळून ती गेली.”

“पळून नव्हे गं. तिच्या आईची बदली झाली.”

तिने टोक कागदावर दाबून मोडलं. मग आम्ही दोघांनी पाच रेघा ओढल्या. कोण किती वाजता निघणार, कुठल्या वळणावर किती वाजता असणार, सगळं मांडलं. पाचही रेघा बाराच्या ठिपक्यात येऊन मिळत होत्या. तक्त्याचा फोटो मुंगीने दातवाले काकांना पाठवला. एकतीस वर्षांत इतका वाईट तक्ता मी काढला नव्हता.

शनिवारी साडेआठला मुंगीचं सैन्य वारुळातून निघालं. सव्वानऊला माझी लेक तिला घेऊन डोळ्यांच्या डॉक्टरांकडे निघाली. चष्म्याचा नंबर तपासायचा होता, वेळ महिन्यापूर्वीच घेतलेली. जाताना मुंगीने मला खुर्चीत बसवलं आणि बजावलं. त्या खेळात आपण नसताना विश्वासातल्या माणसाला गाव सांभाळायला देतात, त्याला राखण म्हणतात.

“राखणदाराने फक्त बघायचं. चाल बदलायची नाही. काही झालं तरी नाही.”

“ड्यूटीवर मी आजवर डुलकीसुद्धा घेतलेली नाही.”

“आजी वेगळं सांगायची,” लेक दारातून म्हणाली.

घर शांत झालं. ऊन खिडकीतून टेबलावर आलं आणि तक्त्यावर पसरलं. पडद्यावर निळं तळं, आणि त्याच्या कडेने एक हिरवा ठिपका इतका सावकाश सरकत होता, की तो सरकतो आहे हे मी पेन्सिलीच्या रेघेवरूनच ओळखत होतो. पाहता पाहता मला ती माणसं दिसायला लागली. ठिपक्याच्या आत पुढे मशालवाले, मागे रसदीच्या गाड्या, कुणाच्या तरी चपलेचा अंगठा तुटलेला, एक जण ती चप्पल हातात धरून चाललेला. तळ्यावरून गार वारा येत होता. कुणी बोलत नव्हतं. कुठे चाललो आहोत हे त्यांना ठाऊक नव्हतं. नोकरीतल्या माझ्या गाड्यांनाही ते कुठे ठाऊक असायचं?

नऊ चाळीसला टेहळणीचा निरोप आला. ढोलीतून सैन्य निघालं. याच रस्त्याने, वारुळाकडे. नोटीस वाचून खारूताई हातावर हात ठेवून बसली नव्हती. मुंगीचं सैन्य बाहेर, म्हणजे वारूळ मोकळं, हे तिने बरोबर ओळखलं होतं.

उघड्या रस्त्यावर दोन सैन्यं समोरासमोर आली की खेळात आपोआप लढाई होते. मुंगीचं सैन्य दुपटीने मोठं होतं. खारूताईचं सैन्य खिंडीजवळ चिरडलं गेलं असतं, ढोलीची वेस आयती उघडी मिळाली असती. मी काहीच न करणं ही त्या दिवसाची सगळ्यात चांगली चाल होती. हे मला आता समजतं.

तेव्हा मला फक्त दोन रेघा दिसत होत्या. एक चढती, एक उतरती. मी पट्टी लावली. गाठ पडत होती दहा पन्नासला, तळ आणि खिंड यांच्या मध्ये. दोन स्टेशनांच्या मध्ये. ऊन डोळ्यांवर आलं होतं, पापण्या जड झाल्या होत्या, आणि कुठून तरी जुन्या टेलिफोनची घरघर ऐकू आली. पलीकडून एक स्टेशन मास्तर विचारत होता, “साहेब, कोण लूपमध्ये?”

“आधी पोचेल ती,” मी म्हणालो.

पुढचं अर्धवट झोपेतलं. सैन्य रस्ता सोडून हिरवळीत उतरलं, माणसांनी ओझी खाली ठेवली, पाण्यात पाय सोडले. ज्याची चप्पल तुटली होती तो ती शिवत बसला. मला फार बरं वाटलं.

किल्लीचा आवाज झाला आणि मी जागा झालो. दहा पंचावन्न. पडद्यावर हिरवा ठिपका साडेदहापासून तळ्याकाठच्या तळावर उभा होता, झेंडा रोवून. बोट माझंच होतं, शंका नको.

मुंगी आत आली ती भिंतीला हात लावत, डोळ्यांवर मोठा काळा चष्मा.

“डोळ्यांत थेंब घातलेत,” लेक म्हणाली. “संध्याकाळपर्यंत जवळचं दिसणार नाही. आता तुम्हीच तिचे डोळे. मी औषध घेऊन येते.”

मुंगी माझ्या शेजारच्या खुर्चीवर चाचपत बसली. “सगळं धुकं आहे. तुम्ही पण धुकं. सांगा, कुठे आहे माझं सैन्य? खिंड ओलांडली असेल ना?”

मी सगळं सांगितलं. टेलिफोनची घरघरसुद्धा.

ती हळू आवाजात म्हणाली, “आजोबा, तुम्ही तिला क्रॉसिंग दिलंत?”

“हात आपोआप गेला गं. चुकलो. राखणदाराने असं करायला नको होतं.”

“तळावर सैन्याची ताकद अर्धी होते, माहितीये? ओझी खाली ठेवलेली असतात. तिने हल्ला केला तर आठ महिन्यांचं सगळं जाईल.”

“हे माहीत नव्हतं.”

“कुठे आहे ती?”

“अकरा वाजलेत. दहा मिनिटांवर.”

तेवढ्यात दातवाले काकांचा निरोप आला. मी मोठ्याने वाचला: “मुंगी, का थांबलीस? घोडा लंगडला का? आत्ता नीघ, रस्त्यातच गाठ तिला!”

“आत्ता निघालो तर अकरा पाचला गाठ पडेल,” मी म्हणालो. मुंगीला पडदा दिसत नव्हता, त्यामुळे बटणावर बोट माझंच होतं. “उघड्या रस्त्यावर. तू मोठी आहेस, जिंकशील. सांग, मी दाबतो. या वेळी तू सांगशील तेच करीन.”

तिने काळा चष्मा काढला. बाहुल्या मोठ्या झाल्या होत्या, सगळा डोळा काळाभोर. खिडकीकडे, मग पडद्याकडे, मग माझ्याकडे ती पाहत होती, आणि यातलं काहीच तिला नीट दिसत नव्हतं.

“ती एकटीच चाललीये?”

“एकच ठिपका आहे.”

“हळू?”

“फार हळू.”

“थांबू दे,” मुंगी म्हणाली. “आपण आधी पोचलोय.”

मग तिने काकांना निरोप सांगितला आणि मी एका बोटाने तो टंकला. माझी चाल रद्द. बाकीच्या चौघांना परत फिरवा, ते अजून अर्ध्या वाटेच्या आत आहेत, फिरता येईल. जबाबदारी माझी.

“चूक माझी आहे,” मी म्हणालो. “माझं नाव घाल.”

“साडेदहाची तुमची. अकराची माझी.”

काकांचं उत्तर लगेच आलं. “माझ्यासमोर एक माणूस तोंड उघडून बसलाय आणि तू मला हे सांगतेस?” पण मिनिटभरात चारही ठिपके एकेक करून माघारी वळले. माणूस रागीट असला तरी हिशेबाने वागणारा.

राहिला तांबडा ठिपका. तळाजवळून जाणाऱ्या सैन्याला खेळ विचारतो, हल्ला करायचा की पुढे जायचं? हे तिच्या पडद्यावर, दूरच्या कुठल्यातरी खोलीत उमटणार होतं. अकरा आठ. अकरा नऊ. मुंगीने माझी बाही घट्ट धरली होती. मी एकेक मिनिट मोठ्याने सांगत होतो, जसं पूर्वी टेलिफोनवर सांगायचो.

“अकरा दहा. पोचली.”

“मग?”

“उभी आहे.”

“हल्ला?”

“नाही. नुसती उभी आहे.”

अकरा अकरा. अकरा बारा. तळ्याचं निळं पाणी तेवढं हलत होतं, कुणी तरी चित्रात ते हलायला लावलेलं. मला वाटलं, हिरवळीतली माणसं पाण्यातून पाय न काढता रस्त्याकडे बघत असतील, आणि रस्त्यावरची त्यांच्याकडे.

मग टिंग झालं. चार महिन्यांत पहिल्यांदाच त्या नावापुढे अक्षरं उमटली. मी वाचली:

“क्रॉसिंग?”

मुंगीने माझी बाही सोडली. मी वाट पाहिली. शिकवताना वाट पाहावी लागते, हे मला गाड्यांनी शिकवलं आहे. दुसरं टिंग झालं.

“आजोबा बसलेत ना तिथे? तिला शेंगदाणा दिलात का?”

मुंगी हसली आणि हसताहसता तिचे ते काळेभोर डोळे भरून आले. “थेंबांमुळे होतंय,” ती म्हणाली.

“अर्थात.”

“काय लिहू आजोबा?”

“ते मी सांगायचं नसतं. दूत तू आहेस.”

तिने नाक पुसलं. “इथे नको. मोठ्या सभेत लिहा. जिथे मी ते लिहिलं होतं, तिथेच. सगळ्यांना दिसलं पाहिजे.”

“सांग.”

“लिहा, ‘ढोलीची मालकीण पळपुटी नाही. मी चुकीचं लिहिलं होतं. वारुळाची मुंगी.’ बस.”

मी पाठवलं. दोन्ही संघांतल्या हजारभर माणसांनी ते वाचलं असेल. त्यांना त्यातलं काय कळलं कोण जाणे. खारूताईने सभेत काही लिहिलं नाही. पण तांबडा ठिपका वारुळाकडे गेला नाही आणि ढोलीकडेही परत वळला नाही. तो रस्ता सोडून सावकाश तळात उतरला आणि हिरव्याच्या शेजारी झेंडा रोवून थांबला. दोघांनीही ओझी खाली ठेवली.

“तीही लूपमध्ये शिरली,” मी म्हणालो. “असं कधी होत नाही. मग मेन लाइनवरून जाणार कोण?”

“कुणी नको जायला,” मुंगी म्हणाली.

एक वाजता, पेशंट संपल्यावर, काकांचं पत्र आलं. मी ते तिला जसंच्या तसं वाचून दाखवलं. “दूतपद आजपासून काढून घेत आहे. वेस फोडायचं काम पुन्हा तुला मिळणार नाही. तळ्याकाठचा रस्ता तुम्ही दोघींनी अडवलाच आहे, तेव्हा तिकडून लढाई नाही असं पलीकडच्यांना कळवतो. सभेतलं पत्र वाचलं. नीट लिहिलंयस.” खाली आणखी एक ओळ होती: “तुमचा तक्ता कोण काढतो? त्यांना सांगा, माझ्या अपॉइंटमेंटही कायम एकमेकींवर आदळतात.”

दूतपद गेल्याचं तिला वाईट वाटलं. ते तिने लपवलं नाही, मीही समजूत घालत बसलो नाही. जेवून झाल्यावर ती पुन्हा टेबलाशी आली. दिसत तर अजूनही नव्हतं.

“तक्ता पुरा करायचा राहिला ना?”

“राहिला.”

“पट्टी धरा.”

मी साडेदहाच्या ठिपक्याशी पट्टी आडवी धरली आणि तिचं बोट तिथे टेकवून दिलं. तिने पेन्सिल लावून हिरवी रेघ ओढली. थांबलेल्या गाडीची रेघ आडवी असते, ती काढायला दिसावं लागत नाही. पट्टी सोडायची नाही, एवढंच. मग पट्टी केसभर खाली घेतली आणि अकरा दहापासून तांबडी. बारा, एक, दोन, तीन. दोन रेघा एकमेकींना न गाठता, शेजारीशेजारी, उन्हातून पुढे गेल्या. मधून मधून टिंग होत होतं आणि मी वाचून दाखवत होतो. नव्या शाळेतली बाई फार भरभर बोलते. तिथे खिडकीतून समोर दुसरी खिडकीच दिसते. मामेभावाला दोन चपात्या लागतात का तीन, यावर भांडण झालं.

संध्याकाळी सहाच्या घरात कागद संपला. पेन्सिल कडेला लागली तशी मुंगी थांबली. डोळे मिचकावून तिने खाली पाहिलं. धुकं विरत चाललं असावं.

“अजून उभ्या आहेत?”

“उभ्या आहेत.”

तिने गठ्ठ्याकडे हात पुढे केला.

“उद्याचा कागद द्या,” ती म्हणाली.